पाचपैकी किती?

आठ चित्रपटांची नावं सांगा. प्रत्येकाला पाचपैकी किती तारे दिलेत आणि साधारण कधी दिलेत, तेही सांगा. तारखेत चौदा दिवस इकडेतिकडे झाले तरी चालेल. आठातले दोन तारे साफ चुकीचे सांगितले तरी हरकत नाही. एवढ्या सामग्रीवर जवळजवळ पाच लाख माणसांच्या गर्दीतून तुमची नोंद वेगळी काढता येते, आणि तीही शंभरातल्या नव्याण्णव वेळा. नाव नको, गाव नको, वय नको. फक्त तारे आणि अंदाजे तारखा. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव या संगणकशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हे दाखवून दिलं.

मला याचा जो धक्का बसला तो खासगीपणाच्या काळजीचा नव्हता. चित्रपटाला गुण देताना आपण चित्रपटाबद्दल बोलतोय, असं मी समजून चाललो होतो. इथे तर दिसत होतं की आठ चित्रपट बाजूला राहतात आणि आकडे माझ्याचबद्दल बोलतात.

ही पाच लाखांची गर्दी कुठून आली, त्याची गोष्ट मोठी रंजक आहे. नेटफ्लिक्स ही कंपनी तेव्हा टपालाने डीव्हीडी घरी पाठवायची आणि पाहिलेल्या चित्रपटाला पाचपैकी तारे मागायची. त्या ताऱ्यांवरून पुढे काय आवडेल याचा अंदाज बांधणारी त्यांची एक प्रणाली होती. ऑक्टोबर २००६ मध्ये कंपनीने दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं: आमच्यापेक्षा दहा टक्क्यांनी चांगला अंदाज करून दाखवा. सोबत खरी आकडेवारी खुली केली. ४,८०,१८९ प्रेक्षक, १७,७७० चित्रपट आणि दहा कोटींहून जास्त तारे, नावं तेवढी काढून टाकलेली. जगभरचे गणिती, अभियंते आणि हौशी लोक त्यावर तुटून पडले. दहा टक्के म्हणजे काय मोठं, असं वाटेल, पण त्याला जवळजवळ तीन वर्षं लागली. २००९ च्या जुलैमध्ये एका चमूने १०.०६ टक्के गाठले. दुसऱ्या चमूनेही तेवढंच गाठलं, फक्त वीस मिनिटं उशिरा. बक्षीस पहिल्याला गेलं.

जिंकणाऱ्या चमूतल्या संशोधकांनी पुढे एक हिशेब मांडला, तो मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवला आहे. लोकांच्या ताऱ्यांमध्ये जो फरक दिसतो, तो कशाकशामुळे पडतो? साधारण ३३ टक्के फरक दोन अगदी साध्या गोष्टींचा: माणूस मुळात हात सैल सोडणारा आहे की आखडता, आणि चित्रपट एकूणात सगळ्यांना आवडणारा आहे की नाही. ज्याला आपण 'माझी आवड' म्हणतो, म्हणजे मला गूढपट भावतात, तुला कौटुंबिक, त्याचा वाटा १० टक्के. उरलेले ५७ टक्के? त्यांचा उलगडा झाला नाही. दहा कोटी तारे, तीन वर्षं, दहा लाख डॉलर, आणि अर्ध्याहून जास्त भाग हाती लागला नाही.

आता ही दोन आश्चर्यं शेजारी ठेवून पाहा. आठ ताऱ्यांवरून माणूस ओळखता येतो, पण त्याच माणसाचा नववा तारा अचूक सांगता येत नाही.

मी राहतो बालाघाटला. वैनगंगेच्या काठचं, जंगल आणि मँगनीज यांच्या मधलं गाव. १९५६ पर्यंत नागपूर आमची राजधानी होती. मग राज्यांच्या रेघा बदलल्या, नागपूर तिकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. गोंदिया मात्र चाळीसेक किलोमीटरवर तिथेच आहे आणि निम्मे नातेवाईकही तिथेच आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी, आजूबाजूच्या खेड्यांत पोवारी, अशा वातावरणात वाढलेल्या माणसाची सिनेमाची वहीही खिचडीच असते. वहीत प्रत्येक चित्रपटाला आकडा द्यायची सवय जुनी आहे. नेटफ्लिक्सचा तो हिशेब वाचल्यापासून आकड्यांकडे बघायची नजर बदलली, म्हणून हा लेख.

हात सैल की आखडता, हे आधी बघू, कारण याचं गणित सोपं आहे आणि घरोघरी लागू पडतं. शाळेत एक मास्तर कडक पेपर तपासायचे, दुसरे सैल. पहिल्यांकडचे साठ आणि दुसऱ्यांकडचे ऐंशी, विद्यार्थी तोच. प्रेक्षकांचंही तसंच आहे. त्या आकडेवारीत सगळ्या ताऱ्यांची सरासरी साधारण ३.६ होती. समजा एखादा चित्रपट सरासरीपेक्षा ०.३ ने सरस आहे. माझी गोंदियाची आत्या सगळ्यांनाच ०.८ जास्त देते, म्हणजे ती देणार ४.७. माझा एक मित्र सगळ्यांनाच ०.९ कमी देतो, म्हणजे तो देणार ३.०. दोघांना चित्रपट सारखाच आवडलाय. पण आकडे बघून कुणीही म्हणेल, यांच्यात मोठं भांडण होणार.

"आत्या, कसा होता पिक्चर?"

"बेस होता रे बाप्पा! पाच लिही."

आत्याचे पाच म्हणजे बातमी नव्हे. आत्याने चार दिले तर मात्र कान टवकारायचे, कारण चार म्हणजे तिच्या लेखी काहीतरी फारच बिघडलंय. मित्राने चार दिले तर त्याच संध्याकाळी बघून टाकायचा. माणसाच्या आकड्यातून त्याची स्वतःची सरासरी वजा केल्याशिवाय तो वाचूच नये, एवढं एक जरी पाळलं तरी कुणाचंही परीक्षण दुप्पट उपयोगी पडतं. वर्तमानपत्रातल्या समीक्षकांनाही हेच लागू. त्यांचे साडेतीन बघण्याआधी, ते दोन कशाला देतात हे शोधावं.

पण आत्याची सरासरी तरी एका जागी थांबते का? बार्सिलोनातल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक साधा, थोडा खोडकर प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच माणसांना, त्याच चित्रपटांसाठी, मध्ये काही काळ जाऊ देऊन पुन्हा तारे मागितले. चित्रपट बदलला नव्हता, पण आकडे बदलले. आणि त्यातही एक ढब दिसली: टोकाचे तारे बरेचसे टिकून राहतात, मधले घसरतात. जो मनापासून आवडला किंवा ज्याने डोकं उठवलं, तो पुढच्या वेळीही तसाच. 'ठीक होता' म्हणून मध्ये टाकलेला मात्र आज दोन, उद्या तीन. म्हणून माझ्या वहीत साडेतीन, पावणेचार असले आकडे नसतात. जिथे हात एका पूर्ण ताऱ्याने थरथरतो, तिथे पाव ताऱ्याची मोजपट्टी कशाला लावायची?

नेटफ्लिक्सच्या आकड्यांत याहून गंमतशीर एक गोष्ट सापडली होती. २००४ च्या सुरुवातीला सगळ्यांचीच सरासरी एकाएकी ३.४ च्या आसपासून ३.६ च्या वर उडी मारते. म्हणजे जगातले चित्रपट एका महिन्यात सुधारले असं तर नाही. मागण्याची किंवा सुचवण्याची पद्धत बदलली की देणाऱ्यांचा हातही बदलतो.

आता त्या रात्रीकडे येऊ, म्हणजे चित्रपट संपून दिवे लागतात त्या क्षणाकडे. बार्बरा फ्रेडरिकसन आणि डॅनियल कानेमान यांचा १९९३ चा एक अभ्यास आहे, आणि तो योगायोगाने चित्रफितींवरच केलेला आहे. कथानक नसलेल्या छोट्या फिती, काही सुखद, काही अंगावर येणाऱ्या. प्रत्येकीची एक आखूड आवृत्ती आणि एक लांब. पाहताना क्षणोक्षणी कसं वाटतंय ते लोकांनी नोंदवलं आणि शेवटी एकूण कसं वाटलं तेही सांगितलं. एकूण मतावर लांबीचा परिणाम जवळजवळ नव्हताच. मत ठरत होतं दोन गोष्टींवरून: सर्वांत तीव्र क्षण कोणता होता, आणि शेवट कसा झाला. बाकीची मिनिटं आठवणीच्या हिशेबात धरलीच जात नव्हती.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा 'सैराट' आठवला. २९ एप्रिल २०१६ ला तो आला. पूर्वार्धात माणसं खुर्च्या सोडून 'झिंगाट'वर नाचत होती, आणि शेवटच्या काही मिनिटांत पडद्यावरचा आवाजच काढून घेतलेला. बाहेर पडणाऱ्या कुणालाही त्या क्षणी गुण विचारले असते तर त्यांनी फक्त शेवटाला गुण दिले असते. नागराज मंजुळे यांना हे पुरतं ठाऊक असावं, असं माझं मत आहे. पूर्वार्धातली सगळी मजा त्या शेवटासाठीच रचलेली आहे, आणि शेवट पाहिल्यावर तीच मजा आठवणीत वेगळ्या रंगाने दिसते. विहिरीतली उडी दुसऱ्यांदा पाहताना पहिल्यासारखं हसता येत नाही. मग त्या दृश्याचे गुण कोणते धरायचे, पहिल्या वेळचे की दुसऱ्या?

म्हणून माझा नियम असा: पाहिलेल्या रात्री आकडा लिहायचा नाही. त्या रात्री फक्त शरीराने काय केलं ते लिहायचं. कुठे हसलो, कुठे घड्याळ पाहिलं, कुठे पाणी प्यायला उठलो, कुठे पाय आखडून बसलो. मत लिहायचं नाही, कारण त्या रात्रीचं मत शेवटाच्या ताब्यात असतं. आकडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि तोही 'पाचपैकी किती' असा नव्हे. वहीतला याच जातीचा एखादा चित्रपट घ्यायचा आणि विचारायचं, हा बरा की तो बरा? मानसशास्त्रज्ञ एल. एल. थर्स्टन यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं की अशा जोडीजोडीच्या तुलनांमधून पक्की मोजपट्टी उभी करता येते. हवेतून आकडा काढण्यापेक्षा दोन गोष्टी शेजारी ठेवून निवड करणं माणसाला सोपं जातं. 'याच जातीचा' हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट हेच सांगायचे: तारे सापेक्ष असतात, मारधाडीचा चित्रपट गंभीर शोकांतिकेशी नव्हे, दुसऱ्या मारधाडीच्या चित्रपटाशी ताडून बघायचा. 'अशी ही बनवाबनवी'ला पाच आणि 'श्वास'ला पाच देताना मला म्हणूनच संकोच वाटत नाही. ते पाच वेगवेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत. त्यांची बेरीज करू गेलात तर मात्र काहीच हाती येणार नाही.

बेरीज आणि सरासरी यांचे घोळ हा एक वेगळाच प्रांत आहे. त्यातला एक हिशेब मात्र इतका देखणा आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा आमच्या झाडीपट्टीत कुणीतरी एक लहानसा चित्रपट काढला आणि पन्नास जणांनी त्याला दहापैकी सरासरी साडेनऊ गुण दिले. हे पन्नास जण कोण? नटाचा मामा, नटीची मैत्रीण, ज्याच्या शेतात चित्रीकरण झालं तो शेतकरी. दुसरीकडे एक लाख लोकांनी साडेआठ दिलेला चित्रपट आहे. वर कुणाला ठेवायचं? आयएमडीबी या संकेतस्थळाने आपल्या अडीचशेच्या यादीसाठी जे सूत्र जाहीर केलं होतं, त्याची युक्ती अशी: प्रत्येक चित्रपटाच्या पदरात आधीच काही काल्पनिक मतं टाकायची, आणि ती सगळी सर्वसाधारण सरासरीची. समजा, सात गुणांची हजार काल्पनिक मतं टाकली. पन्नास नातेवाइकांचा चित्रपट साडेनऊवरून सरळ ७.१२ वर येतो. लाखाचा चित्रपट ८.४९ वर, म्हणजे जागचा हललासुद्धा नाही. लहान चित्रपटाला वाईट कुणी म्हटलेलं नाही. 'अजून मला पुरेसं माहीत नाही', एवढंच या गणिताने सभ्यपणे सांगितलं. जसजसे परके प्रेक्षक येतील तसतशी काल्पनिक मतं बुडून जातील. या जागेवर मी बराच वेळ थांबलो होतो. शंका घेण्याची इतकी शालीन पद्धत माणसांतही क्वचित दिसते.

याच्या उलट टोकाला रॉटन टोमॅटोजचा टक्का. तो 'किती आवडला' हे मोजत नाही, 'किती समीक्षकांना बरा वाटला' एवढंच मोजतो. शंभर समीक्षकांना एखादा चित्रपट जेमतेम बरा वाटला तर टक्का शंभर. सत्तर जण वेडे झाले आणि तिसांना सहन झाला नाही, तर टक्का सत्तर. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' घ्या. व्हेनिसला गौरव झाला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तरीही माझ्या ओळखीतले निम्मे लोक तो अर्ध्यावर सोडून उठले. त्या स्थिर कॅमेऱ्यासमोर कुणी तीन तारे देतच नाही, एकतर पाच देतो नाहीतर एक. त्याची सरासरी काढली तर येतात तीन, म्हणजे जे मत एकाही माणसाचं नाही ते!

तारे चित्रपटांवर पहिल्यांदा आले ते न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये, ३१ जुलै १९२८ ला, आयरीन थायरर यांच्या हातून. प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांत ही पद्धत आधीपासून होती, मिशलँच्या पुस्तकात खाणावळींना १९२६ मध्ये तारा मिळाला होता. मला त्या इतिहासातली सर्वांत आवडती गोष्ट पॅरिसची आहे. 'काइए द्यु सिनेमा' या मासिकाने १९५५ मध्ये दहा जणांचा तक्ता सुरू केला. उभे रकाने दहा परीक्षकांचे, आडव्या ओळी चित्रपटांच्या, 'जाण्याची तसदी घेऊ नका' यासाठी एक काळा ठिपका. एकाच ओळीत चार तारे आणि शेजारी काळा ठिपका दिसला की वाचकाला कळायचं, इथे भांडण आहे, म्हणजे बघायलाच हवा. हा तक्ता डोळ्यांनी वाचायचा. त्याचा एकच आकडा केला की त्यातला जीव जातो.

दहा परीक्षकांची ही कल्पना पॅरिसची असं मी मानत होतो, तेवढ्यात नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय समोर आला.

भरताच्या नावावरचा हा ग्रंथ. अभ्यासक त्याचा काळ साधारण दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा धरतात. रस आणि अभिनय यांच्या प्रकरणांबद्दल सगळे बोलतात. पण प्रयोग जमला की नाही हे कसं ठरवायचं, यावर त्यात अख्खा अध्याय आहे आणि तो सिनेमावाल्यांनी वाचलाच पाहिजे. यशाला तिथे 'सिद्धी' म्हटलंय आणि ती दोन प्रकारची. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या तोंडून आणि अंगातून दिसते. तिची यादीच दिली आहे: स्मित, अर्धं हसू, मोठ्याने हसणं म्हणजे अतिहास, 'वाहवा', 'अहो', दुःखाचा उद्गार, वाढत जाणारा गलका. मग शरीर: अंगावर काटा, जागेवरून उठणं म्हणजे अभ्युत्थान, आनंदाच्या भरात अंगावरची वस्त्रं देऊन टाकणं. तमाशातली दौलतजादा, खडी गंमतीत मध्येच नाव पुकारून दिलेलं बक्षीस, पडद्यावर नायक आला की उधळलेली चिल्लर, सगळं याच यादीच्या वंशावळीतलं.

दुसरी दैवी सिद्धी. तिची लक्षणं वाचून मी चाट पडलो. सभागृह भरलेलं असावं, आणि आवाज नसावा. हालचाल नाही, खळबळ नाही, काही विपरीत घडलेलं नाही. भरगच्च आणि निःशब्द. मानुषी यश टाळ्यांचं, आणि त्याच्या वरचं यश शांततेचं! 'सैराट'च्या प्रेक्षागृहात या दोन्ही सिद्ध्या एकाच खेळात, एकीनंतर दुसरी, येऊन गेल्या. 'झिंगाट'ला अभ्युत्थान, शेवटाला ती शांतता. समीक्षकांच्या कोणत्याही ताऱ्यापेक्षा ही नोंद मला जास्त नेमकी वाटते.

अपयशाचीही अशीच विभागणी आहे. वारा, आग, पाऊस, साप, किडे यांनी होणारा घात दैवाचा. नट संवाद विसरला, भलतंच करून बसला, तो स्वतःचा घात. आणि तिसरा शत्रूचा: विरोधी गटाची माणसं मुद्दाम येऊन आरडाओरडा करतात, शेण आणि ढेकळं फेकतात. चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधीच त्याच्यावर टोळीने नापसंती ओतायची, हा प्रकार इंटरनेटमुळे जन्मला असं कुणाला वाटत असेल तर त्याने हा अध्याय बघावा. 'कॅप्टन मार्व्हल'च्या वेळी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, रॉटन टोमॅटोजला प्रदर्शनापूर्वीचे अभिप्राय बंद करावे लागले. नाट्यशास्त्रात हा घात वेगळा मोजायची सोय आधीच होती: शेण पडलं म्हणून नटाचे गुण कापायचे नाहीत.

आणि आता ते दहा. गुणांवरून वाद झाला तर निवाडा कुणी करायचा? 'प्राश्निकां'नी. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंदशास्त्री, व्याकरणी, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. प्रत्येकाने आपल्या प्रांतापुरतं बोलायचं. धनुर्धराने नटाच्या उभं राहण्यातला डौल बघायचा, चित्रकाराने वेशभूषा, गणिकेने शृंगारातले बारकावे, राजसेवकाने दरबारी रीतभात, आणि राजाने राजासारखं वागणं. असं का, याचं कारणही ग्रंथाने देऊन टाकलंय. चांगल्या प्रेक्षकाचे सगळे गुण एका माणसात सापडत नाहीत. जाणण्यासारखं अफाट आहे, आयुष्य लहान आहे. तरुण प्रेमात रमतात, शूर वीररसात, पैशाच्या मागे लागलेले पैशाच्या गोष्टीत, म्हातारे पुराणकथांत. प्रेक्षकाचा स्वभाव गुणांत मिसळणारच, हे गृहीत धरूनच परीक्षेची रचना केलेली आहे. नेटफ्लिक्सचं बक्षीस जिंकणाऱ्या चमूने ज्याला गणितात बसवलं, त्याची इथे थेट नेमणूक केली आहे: पक्षपात काढून टाकायचा नाही, त्याला खुर्ची द्यायची.

माझी परीक्षण लिहायची पद्धत तेव्हापासून बदलली. आता मी प्राश्निक शोधतो.

बालाघाटला हे सोपं आहे. भरवेलीत मँगनीजची जमिनीखालची मोठी खाण आहे, त्यामुळे खाणीत उतरलेली माणसं गल्लोगल्ली. यश चोप्रांचा 'काला पत्थर' १९७९ चा, १९७५ च्या चासनाला दुर्घटनेवर बेतलेला. कोळसा वेगळा, मँगनीज वेगळं, पण अंधार तोच. तो मी एका निवृत्त खाणकामगार काकांसोबत बघितला. अमिताभ पडद्यावर असताना काकांची नजर सतत त्याच्या डोक्यावर, छताकडे.

"काका, किती गुण द्याल?"

"मी काय देऊ बेटा? आवाज बरोबर आहे. आत माणूस असाच ओरडून बोलतो. पण एवढा उजेड कुठला आत?"

आता यातून आकडा काढायचा तर कसा काढणार? पण परीक्षणाला लागणारी दोन वाक्यं मिळाली, आणि ती मला दहा वर्षं विचार करून सुचली नसती. वहीत मी त्यांच्या नावापुढे 'आवाज: हो, उजेड: नाही' असं लिहून ठेवलं.

'शेरनी'च्या वेळी अडचण माझीच होती. अमित मसूरकर यांचा हा चित्रपट १८ जून २०२१ ला ॲमेझॉन प्राइमवर आला. विद्या बालन वनाधिकारी, एक वाघीण, तिच्यामागे राजकारणी, शिकारी, खातं आणि गाव. चित्रीकरणाचा काही भाग आमच्या बालाघाट जिल्ह्यातला. ओळखीचं जंगल पडद्यावर दिसलं की हात आपोआप सैल होतो. कथेत काय चाललंय याकडे लक्ष जायच्या आधीच झाडं ओळखण्यात मन गुंतलेलं. हा माझा ०.८ आहे, आत्याच्यासारखाच, फक्त तो एका चित्रपटापुरता. परीक्षण लिहिताना मी तो पहिल्याच ओळीत सांगून टाकतो: मी इथला आहे, माझ्या आकड्यातून काय वजा करायचं ते बघा. दूरच्या वाचकाला तेवढं पुरतं. नागपूरच्या एका मैत्रिणीने त्यातून सरळ एक तारा कापला आणि वर कळवलं की तिला यवतमाळची अवनी आठवत राहिली, म्हणून तिचाही आकडा निखळ नाही. २ नोव्हेंबर २०१८ ला अवनी वाघीण मारली गेली तेव्हा विदर्भात किती वाद पेटला होता, हे आठवणाऱ्या कुणालाही 'शेरनी' नुसता चित्रपट म्हणून बघणं कठीणच होतं.

मला शेवट फार भिडला होता. बदली होऊन संग्रहालयात आलेली नायिका आणि भोवती पेंढा भरलेले प्राणी. म्हणजे पुन्हा तोच शेवटाचा पगडा, आणि वर माझ्या जंगलाचा ०.८. अशा वेळी प्राश्निकाशिवाय गत्यंतर नव्हतं. गल्लीत एक निवृत्त वनरक्षक राहतात, आमच्याकडच्या बोलीत नाकेदार. त्यांना दादा म्हणतो. त्यांच्या घरी लॅपटॉप घेऊन गेलो.

चित्रपट सुरू होतो तो एका माणसाने हातपायांवर, वाघासारखं चालत जाण्याने. जंगलात बांधलेला कॅमेरा समोरून वाघ गेल्यावर फोटो काढतो की नाही, हे तपासायला खात्यातली माणसं खरोखर असं रांगतात. शहरातला प्रेक्षक क्षणभर गोंधळतो, मग हसतो. दादा गोंधळले नाहीत. आधी नुसतं हसू आलं, मग मोठ्याने हसले, मग उठून उभे राहिले आणि आत हाक मारली, "अगं, बाहेर ये, हे बघ काय दाखवलंय!" काकू हात पुसत आल्या. मला मागे घ्यायला लावलं. दृश्य पुन्हा सुरू झालं, आणि गुडघा कसा ठेवायचा, पाठ किती खाली घ्यायची, यावर दादांनी काकूंना सगळं समजावून सांगितलं. पडद्यावरचा माणूस ते बरोबर करत होता, असा निवाडाही दिला. पुढचा चित्रपट त्यांनी शांतपणे पाहिला. शिकारी आला तेव्हा तेवढं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"दादा, पाचपैकी किती?"

"ते तू लिही. मला उद्या तो पहिला तुकडा मोबाइलवर पाठव, आमच्या ग्रुपवर टाकतो."

त्यांच्या रकान्यात मी लिहिलं: स्मित, अतिहास, अभ्युत्थान, पहिल्या दृश्यातच. माझ्या रकान्यात चार आहेत, शेजारी कंसात वजा ०.८. आत्याचे अर्थात पाच.